मदत हवी आहे: हॅरोच्या चिकणमातीत वॉशिंग्टोनिया बाहेर लावता येईल का?

पिवळीमाती:
लंडनच्या हॅरो भागात मागच्या अंगणात वॉशिंग्टोनिया (पंख्यासारख्या पानांचा पाम) जमिनीत लावायचा आहे. सध्या ३० लिटरच्या कुंडीत आहे, उंची सव्वा मीटर. लेबलवर 'फिलिफेरा, उणे १० पर्यंत टिकतो' असं लिहिलंय. माती चिकण, हिवाळ्यात खड्डा खणला की तळाशी पाणी साचतं. दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची भिंत आहे. पारा बहुतेक हिवाळ्यांत उणे ४-५ पर्यंत उतरतो. आत्ता सप्टेंबरात लावू की थांबू? खड्डा कसा घ्यायचा आणि थंडीत गुंडाळायचं कशाने? जाणकारांनी कृपया सांगावं.

बांधावरचा:
थांबा. पामची मुळं माती कोमट असेल तेव्हाच वाढतात. आत्ता लावलात तर कुंडीच्या आकाराचा मुळांचा गड्डा सहा महिने थंड चिखलात नुसता बसून राहील. मे संपता संपता लावा. तोवर बिनहीटरच्या पोर्चमध्ये, उजेडात ठेवा, पाणी अगदी कमी. कुंडी बाहेर ठेवू नका, चारही बाजूंनी गोठते.

आधी लेबल खरं आहे का ते बघा. पानाच्या देठाचा बुडखा तांबूस-तपकिरी असेल तर बहुधा रोबस्टा (वॉशिंग्टोनियाचीच दुसरी जात) आहे. दोन्हींची आणि संकरांची लेबलं सर्रास अदलाबदल होतात. 'उणे १०' हा वाळवंटातला आकडा आहे. तिथे पहाटे गोठलं तरी दुपारी ऊन तापतं आणि हवा कोरडी असते. इंग्लंडात दोन-तीन दिवस पारा शून्याच्या आसपास आणि वर पाऊस, त्यात फिलिफेरा कुजतो. रोबस्टाची पानं उणे ५ च्या सुमारास करपतात, पण उन्हाळ्यात तो भराभर नवी काढतो. म्हणून कागदावर नाजूक असूनही तुमच्याकडे रोबस्टाच बरा.

खोल खड्डा घेऊन खडी भरायची चूक बरेच जण करतात. चिकणमातीत त्याची टाकी होते, आजूबाजूचं पाणी तिथेच उतरतं. त्यापेक्षा उंचवटा करा: दीड मीटर रुंद, ३० ते ४० सेंमी उंच, खालची माती बागकामाच्या काट्याने नुसती सैल करून. मिश्रणात निम्मी बागेची माती, एक तृतीयांश जाड खडी (४ ते १० मिमी), उरलेलं कंपोस्ट. भिंतीपासून एक मीटर लांब आणि पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी. कुंडीत जेवढा खोल होता तेवढाच लावा, मुळं मोकळी करत बसू नका. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा १० लिटर पाणी. खत जुलैअखेर बंद, नाहीतर कोवळी पानं थंडीत सापडतात.

दहिवर:
+१, विशेषतः उंचवट्याला. हिवाळ्याचं मी सांगतो.

मुख्य शत्रू शेंड्यात साठलेलं पाणी. नोव्हेंबरात चार खांबांवर पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा टाका, शेंड्यापासून ३० सेंमी वर, बाजू उघड्या. बुंध्याभोवती सालींचं १५ सेंमी आच्छादन. उणे ३ चा अंदाज असेल तेव्हाच पानं सुतळीने वर बांधून ३० ग्रॅमच्या फ्लीसचे (झाडं थंडीत झाकायचं हलकं कापड) दोन थर गुंडाळा. बबल रॅप पानांना चिकटवू नका, आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. उणे ५ च्या खाली बुंध्याला थर्मोस्टॅटवाली, बाहेर वापरायची हीटिंग केबल. वेढे एकमेकांवर येता कामा नयेत आणि प्लग आरसीडीवर (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवा. एलईडी माळांचा उपयोग नाही, त्या तापतच नाहीत. दिवसा पारा ५ च्या वर गेला की सगळं उघडा. आळस नडतो तो इथेच.

पिवळीमाती:
धन्यवाद दोघांनाही. बुडखा तांबूस आहे, म्हणजे रोबस्टाच दिसतोय. आतून कुजतोय हे कसं कळणार? अवांतर: गावाहून ताडगोळ्याची कोय आणून रुजवली तर?

दहिवर:
कोकणात नारळाचा कोंब कुजतो, तसाच प्रकार. फेब्रुवारीपासून दर पंधरा दिवसांनी मधला न उघडलेला कोंब हलकेच ओढून पाहा. हातात आला, बूड तपकिरी, बुळबुळीत आणि वास येत असेल तर कुज धरली. तिकडे बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) वापरतात. ब्रिटनमध्ये घरगुती बागेसाठी ते आता मिळत नाही. ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड २०-३० मिली शेंड्यात ओता, फेस येईल. तीन-चार दिवसांनी पुन्हा, फेस येणं थांबेपर्यंत, आणि पावसापासून झाकून ठेवा. बुंधा टणक असेल तर जुलैपर्यंत उपटू नका. पहिली पानं तुटकी-वेडीवाकडी येतील, ते चालतं. बुंधा दाबल्यावर मऊ लागला तर संपलं; वाढीचा कोंब एकच असतो, बाजूने फुटत नाही.

कोय रुजेल, पण तिला सतत ३० अंशांची ऊब लागते. बाहेर पहिल्याच हिवाळ्यात जाईल.

बांधावरचा:
करपलेली पानं एप्रिलपर्यंत कापू नका, तेवढाच आडोसा. हिरवी तर कधीच नको.

आणखी एक. चार-पाच वर्षांत रोबस्टा शिडीशिवाय गुंडाळता येणार नाही आणि डिसेंबर २०१० किंवा २०२२ सारखी थंडी पुन्हा येणारच. ही धावपळ नको असेल तर त्याच उंचवट्यावर ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनेई लावा. रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पती-संग्राहकाने १८४९ मध्ये चीनहून इंग्लंडला पाठवला तो हा पाम. रुळला की उणे १० लाही त्याला काही गुंडाळावं लागत नाही. जपायचं ते वाऱ्यापासून, पानं फाटतात.

पिवळीमाती:
रोबस्टा मेमध्ये भिंतीशी लावतो आणि ट्रॅकिकार्पस कुंपणाच्या आडोशाला. खडी आत्ताच मागवून ठेवतो.