हॅसिएंडा कशाने बुडाला: बंदुकांनी, की पाण्याच्या बाटलीने?

गल्ल्यावरचा
मँचेस्टरच्या हॅसिएंडा या नाइटक्लबचं नाव निघालं की गाडी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या खांबांवर नाहीतर टोळ्यांवर जाते. माझ्या मते त्याला मारलं गल्ल्याने. २१ मे १९८२ ला फॅक्टरी रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी आणि न्यू ऑर्डर बँडच्या पैशावर क्लब उघडला. सुरुवातीची वर्षं हॉल बऱ्याचदा रिकामा. १९८८ च्या उन्हाळ्यात ॲसिड हाऊस या इलेक्ट्रॉनिक नाच-संगीताची लाट आली, बुधवारच्या 'हॉट' नावाच्या पार्टीला रांगा लागल्या, आणि नेमका तेव्हाच हिशेब फसला. क्लबचं पोट बारवर भरतं. दारात मिळालेले पैसे डीजे, बाउन्सर आणि वीजबिलातच जिरतात. एक्स्टसी (नशेची गोळी) घेतलेलं गिऱ्हाईक रात्रभर नाचतं आणि पाणी पितं. म्हणजे गर्दीबरोबर खर्च वाढला, बार तसाच कोरडा.

पावडरवाला
साफ नामंजूर. तिथून सुमारे ३० किलोमीटरवर विगन कसिनो (नाव कसिनो, पण नाचाचा क्लब) १९७३ ते १९८१ चालला. रातभर नाच, दारू नाही. पाय सरकावेत म्हणून पोरं लाकडी फरशीवर टाल्कम पावडर टाकायची. तो बंद पडला डिसेंबर १९८१ मध्ये, हॅसिएंडा उघडला पाच महिन्यांनी. दारूविना रात्र काढणारं गिऱ्हाईक उत्तर इंग्लंडमध्ये आयतं तयार होतं. हॅसिएंडाने हिशेब मात्र पबवाल्याचा ठेवला. लंडनचा मिनिस्ट्री ऑफ साउंड १९९१ मध्ये दारूच्या परवान्याविनाच उघडला आणि टिकला. तिकिटावर क्लब चालतो, पण ते पहिल्या दिवसापासून धरून चालावं लागतं.

गल्ल्यावरचा
विगनला जुना बॉलरूम आयता मिळाला होता. हॅसिएंडाला यॉटच्या शोरूमचा क्लब करायचा होता, तोही डिझायनर बेन केलीच्या डिझाइनने. एवढं भांडवल नुसत्या तिकिटावर सुटत नाही.

दारावरचा
आणि बंदुका गौण? जानेवारी १९९१ मध्ये क्लबने स्वतःहून दार लावलं ते दारावरच्या दहशतीमुळे, बारमुळे नाही. मे महिन्यात उघडला, पण दुखणं गेलं नाही. १९९७ मध्ये कायमचा बंद. दरवाजा ज्याच्या हातात, आतला नशेचा मालही त्याचाच, हे गणित तिथल्या टोळ्यांना पक्कं ठाऊक होतं. बाउन्सरला सरकारी परवाना सक्तीचा करणारा ब्रिटिश कायदा २००१ चा. तोवर फार उशीर झाला होता.

सबवूफर
हॉलबद्दल कुणीच बोलेना. वीट, लोखंड, काँक्रीट, वर काचेचं छप्पर. आवाज शोषणारं काहीच नाही. १२५ बीपीएमला (मिनिटाला १२५ ठोके) किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, दर ०.४८ सेकंदाने पडते. खोली दोन सेकंद घुमत असेल तर एका वेळी चार किक एकमेकींवर चढतात आणि बेसचा चिखल होतो. पैसा आधी भिंतींवर घालावा, मग खांबांच्या रंगावर. गोव्यात मोकळ्यावर हा त्रास नाही, तिथला त्रास शेजारी.

हणजूणकर
शेजाऱ्याला 'त्रास' म्हणता होय? भारताच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंदिस्त जागेतही हद्दीवर आवाज ठरलेल्या मर्यादेच्या फार तर ५ डेसिबल वर. व्यापारी भागात रात्री ५५ ची मर्यादा, म्हणजे ६०. आता गंमत बघा. मोजणी 'ए' वेटिंगने होते, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे खालचे सूर कमी धरून, आणि त्यात ६३ हर्ट्झला २६ डेसिबल कापले जातात. हद्दीवर ८५ चा बेस मीटरवर ५९ दिसतो. कागद स्वच्छ, आणि इकडे मांडणीवरची भांडी नाचतायत.

सबवूफर
हे मात्र खरं, मीटर दाखवून हात झटकणारे आमच्यातच आहेत. उपाय आहे: सब, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, जोडीने लावा, एक पुढे, एक मागे. मध्ये १.४ मीटर, म्हणजे ६० हर्ट्झच्या लहरीचा पाव हिस्सा. मागच्याची पोलॅरिटी उलटी (पुढचा ढकलतो तेव्हा हा ओढतो) आणि त्यालाच ४.२ मिलिसेकंद डिले, म्हणजे उशीर. पुढे दोन्ही जुळतात, मागे एकमेकांना खातात. घाईत डिले पुढच्याला दिला की उलटं होतं: फ्लोअरवर बेस गायब आणि गावात दणदणाट. मागे लगेच भिंत असेल तरी सगळं फुकट. साउंडचेकला एकाने स्टेजमागे उभं राहून डिले चालू-बंद करत ऐकायचं, पाच मिनिटांचं काम. तेवढंही कुणी करत नाही.

हणजूणकर
आणि गाव स्टेजच्या पुढच्या बाजूला असेल तर?

सबवूफर
तर आधी स्टेज फिरवा. तोंड समुद्राकडे.

गल्ल्यावरचा
आणि बार कुठे लावायचा मग?