घरातील ध्वनियंत्रणेला पॉवर कंडिशनर खरोखर लागतो का?

प्रश्न
एक इंटिग्रेटेड अँप्लिफायर, दोन स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर आणि संगणकाला जोडलेला डॅक (डिजिटल सिग्नलचे अॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारे उपकरण) अशी माझी यंत्रणा आहे. टीव्हीचा आवाजही याच अँप्लिफायरवर ऐकतो. संगीत थांबले की स्पीकरमधून मंद गुणगुण ऐकू येते, आणि फ्रिज सुरू किंवा बंद होताना ‘टक्’ असा आवाज येतो. पॉवर कंडिशनरने, म्हणजे सॉकेटमधून येणारी वीज गाळून देणाऱ्या उपकरणाने, दोन्ही त्रास जातील आणि संगीतही अधिक स्वच्छ वाटेल, असे मला सांगण्यात आले आहे. परंतु त्याची किंमत अँप्लिफायरच्या निम्म्याहून अधिक आहे. त्याची गरज आहे की नाही, हे खरेदीपूर्वी कसे ठरवावे?

उत्तर १
गुणगुण आणि ‘टक्’ हे दोन वेगळे दोष आहेत, त्यामुळे त्यांचा विचार वेगवेगळा करावा.

अँप्लिफायर बंद करून स्पीकर वगळता त्याला जोडलेल्या सर्व केबल काढा आणि तो पुन्हा सुरू करा. गुणगुण थांबली, तर ती बाहेरून येत होती; मग दर वेळी अँप्लिफायर बंद करून एकेक केबल परत लावत गेल्यास दोषी जोडणी सापडते. माझा पहिला संशय टीव्हीवर आहे. अँप्लिफायरला सॉकेटमधून अर्थिंग मिळते आणि टीव्हीला केबलच्या किंवा छतावरील अँटेनाच्या तारेतून दुसरे. या दोन मार्गांमधील किंचित विभवांतरामुळे सिग्नल केबलच्या शील्डमधून (तारेभोवतीच्या धातूच्या आवरणातून) प्रवाह वाहतो आणि ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. याला ग्राउंड लूप म्हणतात. कंडिशनरमधील फिल्टर याहून कितीतरी वरच्या कंप्रतेवर काम करतो, त्यामुळे येथे त्याचा उपयोग होत नाही. टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलने, म्हणजे प्रकाशाच्या रूपात सिग्नल नेणाऱ्या केबलने, डॅकमध्ये नेल्यास विजेचा संबंधच तुटतो. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला मात्र कोणी दिला तरी मानू नका. तो जिवावर बेतू शकतो.

गुणगुण फक्त रेकॉर्ड प्लेअर निवडल्यावर येत असेल, तर त्याची ग्राउंडची तार अँप्लिफायरच्या स्क्रूला घट्ट बसली आहे का, ते पाहा.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे. संगीत अधिक स्वच्छ होण्याच्या आश्वासनाबद्दल थोडे लिहितो. अँप्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर मिळून बाहेरून आलेल्या एसी विजेपासून डीसी (एकाच दिशेने वाहणारा) पुरवठा तयार करतात, आणि चांगल्या रचनेत तारेतील किरकोळ अशुद्धी तेथेच रोखली जाते. उलट अँप्लिफायर विजेच्या लहरीच्या शिखराशी, थोड्या वेळात, मोठा प्रवाह ओढतो. कमी क्षमतेचा कंडिशनर मध्ये आला, तर तोच अडथळा ठरू शकतो. व्होल्टेज वरखाली होत असेल, तर केवळ फिल्टर असलेला कंडिशनर ते सावरत नाही. त्यासाठी स्टॅबिलायझर लागतो. सर्ज संरक्षण, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून बचाव, ही मात्र स्वतंत्र आणि खरी गरज आहे, आणि त्यासाठी खर्च करणे मला योग्य वाटते. त्यातला व्हॅरिस्टर, म्हणजे ही उसळी शोषून घेणारा भाग, मोठ्या धक्क्यांनी झिजत जातो, म्हणून तो शाबूत असल्याचे दाखवणारा दिवा असलेली सॉकेटची पट्टी निवडावी.

प्रश्नकर्ता
सांगितल्याप्रमाणे तपासले. टीव्हीची केबल काढताच गुणगुण थांबली, म्हणून आता ऑप्टिकल जोडणी करणार आहे. ‘टक्’ मात्र सर्व केबल काढल्यावरही ऐकू येतो.

उत्तर १
म्हणजे तो विजेच्या तारेतून किंवा हवेतून थेट अँप्लिफायरपर्यंत पोहोचतो आहे. फ्रिजच्या सर्किटपेक्षा वेगळ्या सर्किटवरील सॉकेटला अँप्लिफायर जोडून पाहा, आणि स्पीकरच्या तारा विजेच्या वायरपासून दूर न्या. एवढ्याने फरक पडला नाही, तर साधा ईएमआय (विद्युतचुंबकीय व्यत्यय) फिल्टर असलेली पट्टी वापरून पाहावी. त्यानंतरही कंडिशनर घ्यावासा वाटला, तर परत करण्याच्या अटीवरच आणा, आणि तो जोडलेला आहे की नाही हे तुम्हाला न सांगता घरातील कोणाला तरी अनेकदा बदलायला सांगून ऐका.