टॉवर बंद पडल्यावर घाटातल्या पथकांचा आपसातला संपर्क: कोणती यंत्रणा टिकते?

सावित्रीकाठ: महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या स्वयंसेवी पथकासाठी विचारतोय. अतिवृष्टीत वीज जाते, काही तासांत मोबाईल टॉवरही. 22 जुलै 2021 ला तळियेवर दरड आली तेव्हा खाली महाडही पाण्यात होतं. अशा वेळी बाहेरून मदत येईपर्यंत वाड्या-वाड्यांनीच एकमेकांना निरोप द्यायचे असतात. 5 वॅटचे 8 वॉकी-टॉकी हँडसेट घेतोय, पण मधे डोंगर आहे. 25 वॅटचे सेट घेतले तर आवाज पोचेल का?

तारयंत्र: नाही. 5 चे 25 वॅट केले तर सिग्नल जेमतेम 7 डेसिबलने (सिग्नलच्या ताकदीचं माप) वाढतो. डोंगराची आड त्याच्या कितीतरी पट खाते. पैसे उंचीवर घाला. दोन्ही खोरी दिसतील अशा सोंडेवर रिपीटर (एका सेटचा निरोप घेऊन पुढे सोडणारं यंत्र), तोही व्हीएचएफ (150 मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा), कारण ओल्या झाडीत यूएचएफ (त्याहून वरचा पट्टा) लवकर मार खातं.

रिपीटरपासून अँटेनापर्यंतच्या केबलवर काटकसर नको. बारीक आरजी-58 ची 30 मीटर केबल 150 मेगाहर्ट्झला सुमारे 6 डेसिबल गिळते, म्हणजे 25 वॅटमधले 6 च अँटेनापर्यंत जातात. जाड आरजी-213 मध्ये यातले निम्मे डेसिबल वाचतात. कनेक्टरवर सेल्फ-बाँडिंग टेप गुंडाळा आणि केबल आत घेण्याआधी खाली झोळ सोडा, नाहीतर पाणी तिच्यावरून ओघळत थेट सेटमध्ये उतरतं.

सावित्रीकाठ: वर वीज नाही. 100 अँपिअर-तासाची एक बॅटरी आणि सोलर पुरेल?

अर्थिंग: जुलैच्या धुक्यात पॅनेलवर भिस्त ठेवू नका. रिपीटर ऐकताना 0.5 अँपिअर, बोलताना 7 धरा. धावपळीत चारातलं एक मिनिट बोलण्यात जातं, म्हणजे सरासरी 2.1. लेड-ॲसिड निम्मीच वापरायची, म्हणून एक बॅटरी एक दिवससुद्धा पुरत नाही. तीन दिवसांसाठी चार हव्यात.

परवान्याचा अर्ज आत्ताच करा. दूरसंचार विभागाकडून फ्रिक्वेन्सी मिळायला वेळ लागतो. 446 मेगाहर्ट्झचे विनापरवाना सेट एकाच जागी काम करणाऱ्यांपुरते ठीक, डोंगरापलीकडे त्यांचा उपयोग नाही.

तारयंत्र: आणि रिपीटरच कोसळला तर? चॅनेल 2 वर त्याचीच आउटपुट फ्रिक्वेन्सी (ज्यावर तो निरोप पुढे सोडतो ती) थेट सेट-टू-सेट भरून ठेवा. मग खिंडीत एक माणूस बसवून निरोप पुढे देता येतो.

बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोलायची सवय सगळ्यांना लावा. रिपीटर उघडेपर्यंत पहिला शब्द गळतो, आणि "नको पाठवू"चं पलीकडे "पाठवू" ऐकू येतं.