लिफ्ट किट टाकल्यापासून स्टिअरिंग सेंटरला परत येत नाही, अलाइनमेंट कुठे चुकतंय?

भांडुपचा_पिकअपवाला:
नमस्कार मंडळी, माझी इसुझुची व्ही-क्रॉस पिकअप आहे, गेल्या महिन्यात पुढून २ इंच उचलली, नवीन कॉइल, नवीन शॉकअप, टायर २६५ चे. दिसते एक नंबर पण चालवायची मजाच गेली. आधी एलबीएस रोडवर वळण घेतलं की स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायचं, आता मधेच अडकतं, हाताने आणावं लागतं, आणि ८० च्या पुढे गाडी पोहतेय असं वाटतं. परवा अटल सेतूवरून उरणला गेलो, वारा होता, पूर्ण २१.८ किलोमीटर स्टिअरिंग घट्ट धरून बसलो होतो, बायको शेजारी एक शब्द बोलली नाही. ज्याने लिफ्ट केली त्यानेच त्याच दिवशी अलाइनमेंट केलं. प्रिंटवर टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली) आणि कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती झुकलेलं) हिरवे म्हणजे मर्यादेत, कॅस्टर लाल (डिग्रीत डावा १.४, उजवा ०.९, आधीच्या प्रिंटवर २.९ आणि २.७ होता), पण तो म्हणाला लिफ्टच्या गाडीत एवढं चालतं. खरंच चालतं का?

घोडबंदर_४बाय४:
नाही चालत दादा, तुमचं दुखणं त्या लाल आकड्यातच आहे. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो ना, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते, गाडीत तेच काम कॅस्टर करतो, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे झुकलेला अँगल. गाडी वर उचलली की चाक धरणाऱ्या सस्पेन्शन आर्मचे अँगल बदलतात, कॅम्बर पॉझिटिव्हकडे जातो (चाक वरून बाहेर झुकतं), मग मशीनवाला लोअर आर्मचे कॅम बोल्ट (आर्म थोडा सरकवणारे बोल्ट) फिरवून कॅम्बर शून्यावर आणतो आणि त्यातच बोल्टची सगळी जागा संपते, कॅस्टरला काही उरतच नाही. त्याने मुद्दाम केलं असं नाही म्हणत मी, पण मग गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला पाहिजे होतं की आता अपर आर्म बदलावे लागतील. लिफ्टसाठी मिळणाऱ्या अपर आर्ममध्ये बॉल जॉइंट (आर्मला चाकाशी जोडणारा सांधा) थोडा मागे आणि आत बसवलेला असतो, त्यामुळे कॅस्टर परत मिळतो. खर्च आहे, पण टायरच्या आणि जिवाच्या पुढे काही नाही.

एक करा, पुढच्या टायरवरून आडवा हात फिरवून बघा आणि सांगा.

भांडुपचा_पिकअपवाला:
बघितलं. बाहेरून आत हात नेला तर गुळगुळीत, आतून बाहेर आणला तर करवतीसारखं बोटांना लागतं. दोन्ही टायर तसेच.

कुर्ला_गॅरेज_२२_वर्षं:
मग टो-इन जास्त आहे, म्हणजे चाकं पुढून आत वळलेली, प्रिंट काही म्हणू दे. (उलट लागलं असतं तर टो-आउट, बाहेर वळलेली.) नवीन कॉइल पहिल्या दिवशी जेवढी उभी असते तेवढी नंतर राहत नाही, थोडी बसते, आणि हाइट बदलली की टो हलतो, म्हणून लिफ्टनंतर ५००-१००० किलोमीटरला अलाइनमेंट परत करायचंच असतं. आता जाल तेव्हा आधी चारही टायरची हवा, मग जॅकवर घेऊन बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा) प्ले म्हणजे ढिलेपणा बघायला सांगा, प्ले असेल तर मशीनवर चढवून उपयोग नाही. त्यानंतर कॅस्टर, कॅम्बर, आणि टो सगळ्यात शेवटी, कारण आधीचे दोन हलवले की टो हलतोच. टो करताना स्टिअरिंग सरळ लॉक केलेलं पाहिजे आणि टाय रॉड दोन्हीकडून सारखे फिरवायला लावा, नाहीतर गाडी सरळ जाईल पण स्टिअरिंग वाकडं राहील. आणि आर्मचे बोल्ट चाकं लटकलेली असताना कसू देऊ नका, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचा पाना, नाहीतर आर्मचा रबरी बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. लॉक नट टाइट केल्यावर प्रिंट परत काढायला लावा, आधीची नको.

ऐरोलीकर:
वरच्या दोघांशी सहमत, एकच भर. आपले रस्ते डावीकडे उतरते असतात, पावसाचं पाणी जायला, त्यामुळे गाडी जरा डावीकडे जातेच. डाव्या चाकाचा कॅस्टर उजव्यापेक्षा किंचित जास्त ठेवला की ते सांभाळलं जातं, कारण गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. पण फरक अर्ध्या डिग्रीच्या आत ठेवा. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) एकदा वाचा, इन्शुरन्सवाल्यांना लिफ्टचं कळवलंय का?

भांडुपचा_पिकअपवाला:
इन्शुरन्सचं डोक्यातच नव्हतं, सोमवारी फोन करतो.

अपडेट: अपर आर्म टाकले, दुसऱ्या ठिकाणी अलाइनमेंट केलं, दोन तास समोर उभा राहिलो. उजव्या टाय रॉड एंडला प्ले निघाला, तोही बदलला. आता कॅस्टर डावा ३.१, उजवा २.८. काल रात्री मुलुंड चेकनाक्याला यू-टर्न मारला आणि स्टिअरिंग हातातून सरसर स्वतःच सरळ झालं, खूप दिवसांनी. टायरची करवत अजून आहे, पुढचे मागे टाकलेत, १००० किलोमीटरला परत दाखवून नवीन प्रिंट इथे टाकतो.