'आम्ही' की 'आपण'?

प्रश्न, कोरेगावहून:
प्रजासत्ताक दिनाच्या चित्रांसाठी 'आम्ही, भारताचे लोक' हा विषय होता. आठवीतल्या, ऊसतोड टोळीतल्या एका मुलीने फडाकडेच्या कोप्या काढल्या, आणि हातपंपावर गावातल्या नि टोळीतल्या बाया एकाच रांगेत. शीर्षक लिहिलं, 'आपण, भारताचे लोक'. परीक्षक म्हणाले, शीर्षक चुकलं. मी ड्रॉइंगची बाई, व्याकरणाची नाही. खरंच चुकलं का?

उत्तर:
चूक कसली! 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. 'आम्ही यवतेश्वरला चाललोय' म्हटलं की समोरच्याने टाटा करायचा. 'आपण चाललोय' म्हटलं की चपला घालायच्या. इंग्रजीच्या 'वी'ला, हिंदीच्या 'हम'ला हा भेद दाखवता येत नाही.

दुसरं उत्तर:
मान्य, पण उद्देशिकेतल्या 'आम्ही'ला नावं ठेवू नका. तिथे शेवटी 'स्वतःप्रत अर्पण' आहे. बोलणारे नि ऐकणारे एकच, वगळायला समोर कुणी उरतच नाही. शिवाय 'आपण अध्यक्षस्थान स्वीकारावं' यातलं आदरार्थी 'आपण' आडवं येतं, कायद्याच्या मजकुरात तो घोळ नको. आणि 'आम्ही' म्हणून लोक कुणाकुणाला बाहेर ठेवतात, हे मसुदा समितीच्या अध्यक्षांना शिकवायची गरज नव्हती. १९०० साली त्यांचं नाव साताऱ्याच्याच शाळेत दाखल झालं होतं. वर्गात बसणं मात्र वेगळं.
चित्राची गोष्ट निराळी. चित्रापुढे बघणारा उभा असतो, म्हणून तिथे 'आपण' शोभतं. (मूळ संविधानाची पानंही नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या शिष्यांनीच सजवली आहेत.)

प्रश्नकर्ती:
शेऱ्यात 'परप्रांतीय मजुरांचा समावेश स्तुत्य' असंही होतं. टोळी बीडची. बीड परप्रांत कधी झालं?

पहिलं उत्तर देणारा:
हा हा! पण त्यातला 'समावेश'ही बघा. समावेश करतो म्हणा, सामावून घेतो म्हणा, घेणारा घरमालक आणि येणारा पाहुणा. 'आपण'मध्ये घरमालकच नाही. 'आपलेपणा' त्याच घराण्यातला शब्द, मूळ संस्कृत 'आत्मन्', प्राकृतातून आलेला.

प्रश्नकर्ती:
शेवटी मुलीलाच विचारलं. म्हणाली, "बाई, आम्ही लिवलं असतं तर गावातल्या पोरींना वाटलं असतं, ही टोळीचंच सांगतीय."