बाळ वर्षाचे झाले की पावडरच्या दुधाचा डबा बंद करावा का?

मूळ मत: नाशिकची आई

बारा महिने पूर्ण होईपर्यंत गायीचे दूध बाळाचे मुख्य दूध म्हणून देऊ नये आणि ते पूर्ण झाल्यावर पावडरच्या दुधाला चिकटून राहू नये, असे माझे ठाम मत आहे. आमच्या घरात मात्र दोन्ही बाजूंनी विरोध आहे. सासूबाईंच्या मते अकरा महिन्यांच्या नातवाला गायीचे दूध केव्हाच सुरू व्हायला हवे होते, तर नवऱ्याने बारा महिन्यांपुढच्या मुलांसाठी असलेला 'तिसऱ्या टप्प्याचा' डबा आधीच आणून ठेवला आहे.

माझी कारणे सांगते. शंभर मिलिलिटर गायीच्या दुधात सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, तर बाळांसाठीच्या पावडरीपासून तयार केलेल्या दुधात ती त्याच्या निम्म्याहूनही कमी असतात. क्षारांचेही तसेच आहे. हा जास्तीचा भार लहान मुलाच्या मूत्रपिंडांना बाहेर टाकावा लागतो आणि उन्हाळ्यात किंवा जुलाब लागले असता तो जड जातो. दुसरे कारण लोहाचे आहे. गायीच्या दुधात लोह नगण्य असते, असलेले नीट शोषले जात नाही आणि काही बाळांच्या आतड्यांतून डोळ्यांना न दिसणारा किंचित रक्तस्राव होतो. वर्षानंतर आतडी आणि मूत्रपिंडे बरीच परिपक्व झालेली असतात, मूल भात, वरण, भाकरी, अंडे खाऊ लागलेले असते. मग महागड्या डब्याचे प्रयोजन काय उरते?

प्रतिसाद: वाटीचमचा

आईचे अंगावरचे दूध सुरू असेल तर ते दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे, त्याबद्दल कोणाचेच दुमत नसावे. प्रश्न वरच्या दुधाचा आहे आणि त्याबाबत आपण बारा महिन्यांची जी लक्ष्मणरेषा आखली आहे ती मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली पूरक आहाराविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत सहा ते अकरा महिन्यांच्या, वरच्या दुधावर असलेल्या बाळाला पावडरचे किंवा जनावराचे, कोणतेही दूध देता येईल असे म्हटले आहे. म्हणजे तुमच्या सासूबाई अगदीच अडाणीपणाने बोलत नाहीत!

शिवाय पावडर प्रत्यक्षात कशी वापरली जाते तेही पाहावे. साधारणपणे तीस मिलिलिटर उकळून कोमट केलेल्या पाण्याला एक सपाट मापचमचा, असे डब्यावर छापलेले असते. चारशे ग्रॅमच्या डब्यातून जेमतेम तीन लिटर दूध होते आणि रोज सहाशे मिलिलिटर पिणाऱ्या बाळाला तो पाच दिवसांत संपतो. हातावर पोट असलेल्या घरात मग दोन चमच्यांच्या जागी दीड चमचा पडू लागतो, पाणी पिंपातले असते आणि बाटली नुसती विसळलेली असते. मी वस्तीत आरोग्यसेविका म्हणून काम केले आहे आणि अशी पांढऱ्या पाण्यावर वाढवलेली, बाळसे न धरलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना रतीबाचे ताजे, उकळलेले दूध वाटी-चमच्याने दिले असते तर ती नक्कीच अधिक सुधारली असती.

प्रतिसाद: नाशिकची आई

ताई, आपला अनुभव मी नाकारत नाही. परंतु त्या सूचनेतली ती शिफारस सशर्त आहे आणि तिच्यामागचा पुरावा कमी खात्रीचा आहे, हेही तिथेच नोंदलेले आहे. ज्याला पावडर परवडते आणि जो ती मापाने बनवू शकतो, त्याने ती सहाव्या महिन्यात का सोडावी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. अशा राज्यात लोहाचा मुद्दा दुय्यम मानता येणार नाही. त्या वयात गायीचे दूध द्यावेच लागले, तर आठवड्यातून दोनदा मिळणारे लोह-फॉलिक अॅसिडचे सरकारी औषध चुकवू नये, एवढे तरी आपण दोघी मान्य करू.

प्रतिसाद: पिंपरीचा बाबा

मला दोघींचेही म्हणणे पटत नाही. माझी चौदा महिन्यांची मुलगी दोन घास खाऊन तोंड फिरवते. लोह, ड जीवनसत्त्व हे सारे तिला डब्यातूनच मिळते. अन्न पोटात जात नसताना तो आधारही काढून घ्यायचा, हे मला धोक्याचे वाटते. त्यातून शहरातले दूध! त्यात कोण काय मिसळतो याची खात्री कोण देणार? दोन वर्षे होईपर्यंत आम्ही डबाच चालू ठेवणार आहोत.

प्रतिसाद: गोठेवाला

भेसळ होते हे खरेच आहे, आणि तिचा सर्वांत मोठा फटका आम्हा प्रामाणिक उत्पादकांना बसतो. पण तिच्या भीतीने दूधच टाळणे हा उपाय नव्हे. नामांकित संघाचे पाश्चरीकृत पिशवीचे दूध घ्यावे, ते शीतसाखळीत राहिले आहे ना ते पाहावे आणि घरी उकळावे. गवळ्याकडचे निरसे दूध मात्र मुलाला कधीही देऊ नये, मग ते कितीही 'देशी' म्हणून विकले जात असो. जनावरांचा क्षय आणि ब्रुसेलोसिस अशा दुधातून माणसाला होऊ शकतात, हे मी पशुपालक असूनच सांगतो.

आणखी एक गोष्ट शहरातल्या आईवडिलांच्या लक्षात येत नाही. गवळी 'गायीचे' म्हणून जे देतो त्यात पुष्कळदा म्हशीचे मिसळलेले असते. संकलन केंद्रावर भाव फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे स्निग्धांश सोडून दुधात उरणाऱ्या घन भागावर, ठरतो. गायीच्या दुधाला साडेतीन-चारचे फॅट लागते, म्हशीच्या दुधाला साडेसहा-सातचे. साय बोटभर जाड येत असेल तर जरा विचारावे. पण म्हणून पाणी घालून दूध पातळ करू नका. त्याने प्रथिनांबरोबर उष्मांकही घटतात. याउलट, दीड टक्का स्निग्धांशाचे डबल टोन्ड दूध दोन वर्षांखालच्या मुलाला देण्यात काहीच हशील नाही.

प्रतिसाद: नाशिकची आई

पिंपरीच्या बाबांना एक विचारते. मुलगी दिवसभरात दूध किती पिते? सकाळी उठल्याबरोबर बाटली, दुपारी झोपताना बाटली, रात्री दोनदा बाटली, असे असेल तर ती जेवणार कधी? वर्षानंतर दूध दिवसाला चारशे-पाचशे मिलिलिटरच्या वर जाऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि हा नियम गायीच्या दुधाला तर अधिकच लागू आहे. दिवसाला लिटरभर गायीचे दूध पिणारे गुबगुबीत मूल फिकट पडलेले असू शकते. ज्या मार्गदर्शनाचा ताईंनी आधार घेतला, त्यातच बारा ते तेवीस महिन्यांच्या मुलांसाठी या पुढच्या टप्प्यांच्या पावडरींची शिफारस केलेली नाही, हेही सांगायला हवे.

प्रतिसाद: वाटीचमचा

हे मात्र सोळा आणे खरे. आधी जेवण, मग दूध, आणि तेही बाटलीतून नव्हे, पेल्यातून. रात्रीची बाटली दातही किडवते. बदल एका दिवसात करू नका. आठवडाभर एकेका वेळचे दूध बदलत गेले तर मूल चवीला सरावते आणि शौचाला खडा होत असेल तर तोही ध्यानात येतो. साखर घालू नये. ज्या मुलाला दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी आहे आणि म्हणून खास पावडर दिली जाते, त्याच्या बाबतीत किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बदलू नये.

प्रतिसाद: पिंपरीचा बाबा

मुलगी दिवसाला आठशे मिलिलिटरपर्यंत पिते, हे कबूल करतो. रात्रीची एक बाटली आजपासून बंद करून पाहू. पण डबा सोडण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासून घेणार आहे आणि ते कमी निघाले, तर डॉक्टरांशी बोलेपर्यंत तुम्ही कितीही समजावले तरी डबा बंद होणार नाही.