मदत हवी आहे: पावरी, ढोल आणि लॅपटॉप एकत्र बसत नाहीत

पिंपळनेरचा_पोरगा:
कॉलेजच्या कार्यक्रमात पावरी (भोपळ्याचं, फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) आणि ढोलासोबत लॅपटॉपवरून इलेक्ट्रॉनिक आवाज द्यायचाय. लॅपटॉप चालू केला की सगळं बिघडतं. कार्यक्रम पुढच्या शुक्रवारी आहे. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? लवकर सांगा.

तापीकाठ:
बिघडतं म्हणजे काय? लय सुटते, सूर जुळत नाही, शिट्टी मारतं की आवाज उशिरा येतो? चारही दुखणी वेगळी आहेत. लॅपटॉपला काय जोडलंय तेही सांग.

अमळनेरकर_काका:
हे सगळं आत्ताचं नाही. १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर (विजेवर सूर तयार करणारं यंत्र) बसवून स्टुडिओ उभा केला होता. धुळ्याहून सुरत किती लांब, आणि तिथून अहमदाबाद किती! आपल्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

पिंपळनेरचा_पोरगा:
काका, इतिहास नंतर वाचतो. लय सुटते. ढोलवाला दोन मिनिटांत पुढे जातो, लूप (लॅपटॉपवर पुन्हा पुन्हा वाजणारा ठेका) मागे राहतो. सॉफ्टवेअर एबलटन आहे, ते बदलू का एवढंच विचारतोय.

ढोलकी_शिरपूर:
सॉफ्टवेअरचा काय संबंध? ढोलवाल्याच्या कानात क्लिक दे, म्हणजे ठरलेल्या वेगाची टकटक. आमच्या वाद्यवृंदात सगळे क्लिकवर वाजवतात, लय केसभर हलत नाही.

सातपुडा_वारा:
त्या ढोलवाल्याला क्लिक देऊ नका. तो नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून वाजवतो. नाच तापला की लय चढणारच, ती चढायलाच हवी. कानात टकटक घातली तर हात आखडेल आणि तुम्हाला वाटेल पोरगा कच्चा आहे.

ढोलकी_शिरपूर:
मग लॅपटॉप आणूच नका. दोघांपैकी एकाला ऐकावंच लागेल.

सातपुडा_वारा:
हो, आणि ते लॅपटॉपने ऐकावं. लयीचा मालक एकच, ढोल.

बोरीकाठचा_दादा:
भाऊ, पयले हाई सांग, पावरी कोन वाजाडस? आणि चाल कोणती आहे? डोंगऱ्या देवाच्या उत्सवाच्या वेळची असेल तर त्या वाजवणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना विचारलंय का? विचारल्याशिवाय तिच्याखाली लूप घालू नका. मी मनापासून सांगतोय.

पिंपळनेरचा_पोरगा:
वर्गातला मित्र वाजवतो, त्याच्या काकांना विचारलंय. देवाची चाल नाही, लग्नातली आहे. त्यांनीच निवडून दिली. आता लय सांगा.

तापीकाठ:
हे बरं केलंस. आता तीन प्रश्न. पावरी माइकमधून लॅपटॉपमध्ये जाते का? ऑडिओ इंटरफेस (माइक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणारी पेटी) आहे की लॅपटॉपचं हेडफोनचं भोक वापरतोस? आणि ढोलवाला तुझा आवाज कुठून ऐकतो?

पिंपळनेरचा_पोरगा:
पावरी माइकमधून जाते, तिच्यावर प्रतिध्वनी टाकतो. छोटा इंटरफेस आहे. बफर १०२४ ठेवलाय, कमी केला की कडकड येते. ढोलवाला मागे उभा असतो, हॉलचे मोठे स्पीकर पुढे. हे सगळं सांगायची गरज आहे का?

तापीकाठ:
आहे, कारण अर्धं उत्तर इथेच आहे. बफर म्हणजे लॅपटॉप आवाजाचे जेवढे तुकडे (सॅम्पल) साठवून मग पुढे सोडतो तो साठा. सेकंदाला ४८ हजार तुकडे (४८ किलोहर्ट्झ) धरले तर १०२४ सॅम्पल म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. जाताना तेवढे आणि येताना तेवढे, शिवाय इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ. त्यात हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्पीकर ढोलापासून १० मीटरवर असेल तर आणखी जवळपास २९ मिलिसेकंद. ढोलवाला मागे पडलेला आवाज ऐकतोय, त्याच्यावर त्याची लय बसणार कशी? बफर २५६ वर आण, एका वेळेला साधारण ५ मिलिसेकंद होतात. कडकड आली तर वायफाय बंद कर, बाकीची सगळी सॉफ्टवेअर बंद कर आणि इंटरफेस बनवणाऱ्यांचाच एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाक. ढोलवाल्याशेजारी एक छोटा स्पीकर ठेव. तारेचाच, ब्लूटूथचा नको, त्यात उशीर फार वाढतो.

ढोलकी_शिरपूर:
तरी लूप ठरलेल्या वेगातच चालेल ना? मी क्लिक म्हणालो ते त्यासाठीच.

सातपुडा_वारा:
तालाचा लूप काढून टाका. लॅपटॉपला खालचा लांब स्वर धरू द्या, पावरीचा प्रतिध्वनी धरू द्या. ज्याला मात्रा नाही ते सुटत नाही. ठेका ढोलाकडेच राहू द्या. एवढा दणकट ढोल समोर असताना त्याच्यावर मशीनचा ढोल कशाला?

पिंपळनेरचा_पोरगा:
शेवटच्या भागात लूप हवाच आहे, पोरींचा नाच त्याच्यावर बसवलाय.

तापीकाठ:
मग फक्त शेवटी घे. एबलटनमध्ये टॅपचं बटण असतं, ते कीबोर्डच्या एका कळीला लाव, ढोल ऐकत चार ठोके दाबून वेग बसव आणि मगच लूप सोड. एबलटनच्या लाइव्ह ११ आवृत्तीपासून आत येणारा ठेका ऐकून वेग धरणारा टेम्पो फॉलोअरही आलाय, पण शुक्रवारी नवीन काही आजमावू नकोस. हाताने दाब.

आता तू न विचारलेलं. पावरीचा सूर भोपळ्यात आणि नळ्यांत पक्का असतो, ती पट्टी बदलत नाही. लॅपटॉपच तिच्याकडे यायला हवा. ट्यूनरवर एक लांब सूर धरून बघ.

पिंपळनेरचा_पोरगा:
बघितलं. काळी एकच्या ३५ सेंट वर आहे. म्हणूनच कालपासून खालचा स्वर टोचत होता का?

तापीकाठ:
होय. १०० सेंट म्हणजे पुढची पट्टी, तू तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बाजूला आहेस. खालचा स्वर काळी एकवर ठेवून ३५ सेंट वर चढव. पावरी तापली की सूर आणखी चढतो, म्हणून दहा मिनिटं वाजवून झाल्यावर परत मोज.

अमळनेरकर_काका:
जळगावात एक चांगला माणूस माइक भाड्याने देतो, नंबर देऊ का?

पिंपळनेरचा_पोरगा:
माइक आहे काका. फक्त प्रतिध्वनी वाढवला की शिट्टी मारतो.

सातपुडा_वारा:
माइक पावरीच्या शिंगाच्या तोंडाजवळ आण, स्पीकर माइकच्या बरोबर पाठीमागे ठेव. साधा कार्डिऑइड (समोरून जास्त ऐकणारा) माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. प्रतिध्वनी थोडा कमी कर. पावरी मुळातच मोठी आहे, तिला फार काही लागत नाही.

पिंपळनेरचा_पोरगा:
ठीक. संध्याकाळी बफर आणि ३५ सेंट करून बघतो. टॅपची कळ मी दाबू की ढोलवाल्याजवळ बसणाऱ्या मुलीला देऊ?

ढोलकी_शिरपूर:
तिला दे. तुझे दोन्ही हात प्रतिध्वनीवर लागतील. आणि ती कळ जोरात दाबली जाऊन दुसरं काही चालू होणार नाही, हे आधी तपास.